शेजाऱ्याला पटवून सांग

लोखंडाचा एक सपाट पत्रा आहे. त्याच्या मधोमध गोल भोक पाडलंय. पत्रा सगळीकडून सारखा तापवला. भोक मोठं होईल, लहान होईल, की आहे तेवढंच राहील?

इथे क्षणभर थांबा आणि एक उत्तर पक्कं करा. जवळ कागद असेल तर त्यावर लिहूनच ठेवा, म्हणजे मागाहून "मला तर हेच वाटलं होतं" म्हणायची सोय राहणार नाही. उत्तर मी लगेच देणार नाही. का देणार नाही, त्याचीच ही गोष्ट आहे.

हा प्रश्न एरिक माझुर यांच्या आवडीचा. हार्वर्ड विद्यापीठात ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत, मूळचे नेदरलँड्सचे. लायडन विद्यापीठात शिकून ते 1982 साली हार्वर्डला आले आणि 1984 पासून तिथे शिकवायला लागले. त्यांच्या वाट्याला आलेला वर्ग भौतिकशास्त्राचा असला तरी पोरांना भौतिकशास्त्रज्ञ व्हायचं नव्हतं. बहुतेकांना पुढे मेडिकलला जायचं होतं, आणि त्या वाटेवर हा विषय आडवा येत होता, इतकंच. माझुर सगळे शिकवतात तसंच शिकवायचे. नीट तयारी करून यायचे, फळ्यावर सूत्रं सिद्ध करायचे, मधूनमधून एखादा प्रयोग करून दाखवायचे. वर्षाअखेरीस विद्यार्थी त्यांना चांगले शेरे द्यायचे आणि परीक्षेतली अवघड गणितंही सोडवायचे. आपण उत्तम शिकवतो, अशी त्यांची खात्री झाली होती. कोणाची झाली नसती?

मग 1990 च्या सुमारास त्यांच्या वाचनात काही शोधनिबंध आले. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनीस यांनी ते 1985 मध्ये लिहिले होते. त्यांचं म्हणणं असं की, कॉलेजात वर्षभर न्यूटनचे नियम शिकूनही बहुतेक विद्यार्थ्यांच्या डोक्यातल्या बल आणि गती यांबद्दलच्या घरगुती समजुती जवळपास जशाच्या तशा राहतात. शिकवणारा कोण, यानेही फारसा फरक पडत नाही. माझुरना वाटलं, इतर कुठे असेल, माझ्या वर्गात नाही. ते सिद्ध करायला म्हणून त्यांनी तशीच चाचणी आपल्या वर्गाला दिली. या चाचणीत आकडेमोड अजिबात नसते, साध्या भाषेत प्रश्न आणि खाली पाच पर्याय. प्रश्न इतके सोपे दिसतात की हार्वर्डच्या पोरांना ते द्यायचे याचीच माझुरना थोडी लाज वाटत होती.

चाचणी सुरू झाली आणि वर्गातून प्रश्न आला, "सर, उत्तरं कशी लिहायची? तुम्ही शिकवलंत तसं, की एरवी मला वाटतं तसं?"

या एका वाक्यात सगळी गोम आहे. म्हणजे डोक्यात दोन कप्पे आहेत. एक परीक्षेचा, तिथे न्यूटन राहतो. दुसरा रोजच्या जगण्याचा, तिथे न्यूटनला कोणी विचारत नाही. निकालही तसाच लागला. परीक्षेत भली मोठी गणितं सोडवणारी मुलं या सोप्या प्रश्नांवर अडखळली.

ट्रक आणि छोटी गाडी

चाचणीतला एक प्रश्न असा: एक अवजड ट्रक आणि एक छोटी गाडी समोरासमोर आदळतात. ट्रक गाडीवर जास्त बल लावतो, की गाडी ट्रकवर, की दोघांचं बल सारखं?

न्यूटनचा तिसरा नियम आपल्याकडे शाळेतल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा. "प्रत्येक क्रियाबलास समान परिमाणाचे व विरुद्ध दिशेचे प्रतिक्रिया बल असते." धडाधडा म्हणून दाखवेल. आणि मग ट्रकचा प्रश्न विचारा. तोच पोरगा सांगेल, ट्रकचं बल जास्त. का? कारण चेंदामेंदा गाडीचा होतो, ट्रकचा नाही. डोळ्यांनी दिसतं ना!

खरं उत्तर, बल अगदी सारखं. सारखा नसतो तो परिणाम. ट्रकचं वस्तुमान 10,000 किलो आणि गाडीचं 1,000 किलो धरलं, तर तेवढ्याच बलाने गाडीच्या वेगात होणारा बदल ट्रकच्या वेगातल्या बदलाच्या दहापट असतो. गाडीतल्या माणसाला बसतो तो हा दहापटीचा हिसका. आपले डोळे परिणाम पाहतात आणि त्यालाच बल म्हणून मोकळे होतात. नियम पाठ असतो, पण "बल" हा शब्द आपण रोजच्याच अर्थाने वापरत असतो. त्यामुळे नियम आणि समजूत एकमेकांना कधी भेटतच नाहीत.

माझुर यांनी वर्गात हे नीट समजावून सांगितलं. वळून पाहिलं तर समोर गोंधळलेले चेहरे. दुसऱ्या रीतीने पुन्हा सांगितलं, तर चेहरे आणखी गोंधळलेले. पुढे काय करावं सुचेना. वर्गातल्या निम्म्या-अर्ध्या मुलांनी बरोबर उत्तर दिलंय एवढं त्यांना ठाऊक होतं. शेवटी नाइलाजाने ते म्हणाले, तुम्हीच आपापसांत बोला.

वर्गात एकच कल्लोळ उठला. माझुर बाजूला पडले, त्यांच्याकडे कोणी बघेना. आणि दोनेक मिनिटांत पोरांनी आपलं आपण ते सोडवून टाकलं. ज्यावर प्राध्यापकाने दोनदा डोकं आपटलं होतं, ते शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या गळी उतरवलं.

हे कसं झालं, याचं माझुर यांनी दिलेलं स्पष्टीकरण मला फार पटतं. ज्या मुलीला गोष्ट कळून दहाच मिनिटं झाली आहेत, तिला आपण नेमके कुठे अडलो होतो ते अजून आठवतं. प्राध्यापकाला ती गोष्ट कळून वीस वर्षं झालेली असतात. ती न कळणं म्हणजे काय असतं, हे तो पार विसरलेला असतो. "हे तर उघड आहे" असं शिक्षक म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला ते खरोखरच उघड दिसत असतं, आणि तीच अडचण असते.

तासाला प्रत्यक्षात काय होतं

1991 पासून माझुर यांनी या अपघाताची पद्धत केली. जगभर ती पीअर इन्स्ट्रक्शन या नावाने ओळखली जाते. मराठीत सहाध्यायी-शिक्षण म्हणता येईल, पण तो शब्द शासकीय परिपत्रकातून आल्यासारखा वाटतो, म्हणून मी त्याला नुसतं "शेजारचं शिकवणं" म्हणेन.

विद्यार्थी धडा आधी घरून वाचून येतात. हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात या पद्धतीचा सगळ्यात अवघड भाग हाच आहे, कारण वाचून कोण येतो? माझुर यांनी त्यासाठी वाचनावर आधारित छोटे प्रश्न आदल्या दिवशीच सोडवायला लावले, आणि त्यांत "काय कळलं नाही?" हेही विचारलं. त्या उत्तरांवरून दुसऱ्या दिवशीचा तास कुठे रेंगाळायचा ते ठरतं.

तासाला सर सात-दहा मिनिटं एखादा मुद्दा मांडतात. मग पडद्यावर एक प्रश्न येतो. त्यात गणित नसतं, ट्रकसारखा किंवा पत्र्यासारखा पेच असतो आणि खाली पर्याय. आता मिनिट-दोन मिनिटं संपूर्ण शांतता. कोणी कोणाशी बोलायचं नाही. प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा आणि एका उत्तरावर बोट ठेवायचं. कार्ड दाखवून, बोटांनी, बटण दाबून, कसंही, पण मत नोंदवायचंच.

मतं मोजली जातात. बरोबर उत्तर मात्र सांगितलं जात नाही. साधारण 30 टक्क्यांहून कमी जणांचं बरोबर असेल, तर चर्चेत अर्थ नाही. आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवायची ती किती? मग सर मुद्दा पुन्हा घेतात. 70 टक्क्यांहून जास्त जणांचं बरोबर असेल, तर थोडक्यात उलगडून पुढे जातात. खरी गंमत मधल्या पट्ट्यात आहे. तिथे सांगितलं जातं, "तुमच्यापेक्षा वेगळं उत्तर दिलेला कोणीतरी शेजारी शोधा आणि त्याला पटवून सांगा."

दोन-चार मिनिटं गलका चालतो. सर वर्गात फिरत कान देत असतात. खरं तर तासातला त्यांचा सर्वांत मोलाचा वेळ हाच, कारण चुकीचं उत्तर कुठल्या वाटेने येतं ते त्यांना इथे ऐकायला मिळतं. मग पुन्हा मत. बहुतेक वेळा बरोबर उत्तरांचं प्रमाण चांगलंच वर गेलेलं असतं. त्यानंतरच सर खुलासा करतात. एक फेरी संपली. तासाला अशा तीन-चार.

आता जी गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून निसटते तिच्याकडे येतो. ही पद्धत पाहून आलेले लोक घरी येऊन सांगतात, तिथे चर्चा करतात. मग आपल्याकडे "गटचर्चा" नावाचा प्रकार सुरू होतो. चार बाकं जोडली जातात, एक बोलका मुलगा बोलतो, दोघं माना डोलावतात, एक जण मोबाइल बघतो. चर्चा झाली! "वादे वादे जायते तत्त्वबोधः" हे वचन आपण येता-जाता फेकतो, पण वाद घालायला आधी स्वतःची एक बाजू लागते, हे त्यात सांगितलेलं नाही. माझुर यांच्या तासाचा कणा गलका नाही, त्याआधीची ती शांतता आहे. ज्याने एका उत्तरावर बोट ठेवलंय त्याचं काहीतरी पणाला लागलेलं असतं. त्याला आता खरं उत्तर हवंच असतं. तुम्ही पत्र्याचं उत्तर मनात ठरवलं असेल, तर गेले काही परिच्छेद ते कुठेतरी टोचत असणार. ठरवलं नसेल, तर टोचत नसणार.

नुसती हुशार मुलाची नक्कल तर नव्हे?

ही शंका रास्त आहे. चर्चेनंतर बरोबर उत्तरं वाढतात, कारण सगळे मिळून वर्गातल्या पहिल्या नंबराचं ऐकत असतील. 2009 साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने ही शंका नीट तपासली. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या आनुवंशिकीच्या वर्गात सुमारे 350 विद्यार्थी होते. आधी एकट्याने उत्तर, मग चर्चा, मग त्याच प्रश्नाचं पुन्हा उत्तर. त्यानंतर एक दुसरा प्रश्न, ज्यात तत्त्व तेच होतं पण उदाहरण निराळं, आणि तो पुन्हा एकट्याने, न बोलता सोडवायचा. नुसती नक्कल असती तर या दुसऱ्या प्रश्नावर पितळ उघडं पडलं असतं. तसं झालं नाही, तिथेही उत्तरं सुधारलेली होती. आणखी नवल म्हणजे ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर येत नव्हतं, तिथेही चर्चेने प्रगती झाल्याचं दिसलं. दोन चुकीची मतं एकमेकांवर आपटली की निदान त्यांतलं न जुळणारं काय ते समोर येतं.

मोठ्या पातळीवरचे आकडेही आहेत. रिचर्ड हेक यांनी 1998 मध्ये भौतिकशास्त्राच्या 62 अभ्यासक्रमांतल्या 6,542 विद्यार्थ्यांचे अशाच चाचण्यांतले निकाल एकत्र करून पाहिले. त्यांनी मोजायची एक साधी रीत वापरली: शिकण्यासारखं जेवढं बाकी होतं, त्यातलं किती शिकलं? चाचणीत सुरुवातीला 40 गुण असतील तर 60 बाकी. शेवटी 70 मिळाले, म्हणजे 60 पैकी 30 कमावले, म्हणून मिळकत 0.5. पारंपरिक व्याख्यानांच्या 14 अभ्यासक्रमांत ही सरासरी मिळकत 0.23 निघाली, आणि विद्यार्थ्यांना विचार करायला, बोलायला लावणाऱ्या 48 अभ्यासक्रमांत 0.48. म्हणजे उत्तमातल्या उत्तम व्याख्यात्यांसह सगळे मिळून पावाच्या आसपास.

2014 सालचा आणखी एक मोठा आढावा विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतल्या 225 अभ्यासांचा आहे. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं सरासरी प्रमाण 33.8 टक्के होतं, मुलांना स्वतः कामाला लावणाऱ्या वर्गांत 21.8. शंभरातली बारा मुलं म्हणजे वर्गातली तीन-चार बाकं.

हे सगळं असूनही मुलांना ही पद्धत आवडतेच असं नाही, आणि हे मला सगळ्यांत रंजक वाटतं. हार्वर्डमध्येच झालेला आणि 2019 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका विषयाला पहिल्या गटाने अनुभवी प्राध्यापकाचं सफाईदार व्याख्यान ऐकलं आणि दुसऱ्याने स्वतः झगडत प्रश्न सोडवले. पुढच्या विषयाला अदलाबदल. साहित्य तेच. झगडणाऱ्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले. पण "आज किती शिकलात?" असं विचारल्यावर त्यांना वाटत होतं आपण कमी शिकलो, आणि व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटत होतं आपण भरपूर शिकलो.

याचं कारण आपल्या ओळखीचं आहे. चांगलं व्याख्यान ऐकताना सगळं कसं सरसर कळत जातं. ते सरसर असतं बोलणाऱ्याच्या डोक्यात, आपण त्याच्या पाठीवर बसून नदी पार करतो आणि काठावर उतरून म्हणतो, काय मस्त पोहलो! स्वतः पोहताना मात्र नाकातोंडात पाणी जातं. "समजलं का?" "हो, सर!" या आपल्या वर्गावर्गांत घुमणाऱ्या संवादातला तो "हो" खोटा नसतो. मुलाला त्या क्षणी खरंच समजल्यासारखं वाटत असतं. घरी जाऊन वही उघडल्यावर कळतं.

आपल्याकडे

आपल्या कॉलेजांत हे चालेल का, असं विचारलं की पहिलं उत्तर येतं, पोर्शन कसा संपणार? प्रश्न खोटा नाही. विद्यापीठाचा पेपर ठरलेल्या तारखेला येतो आणि त्यात "पत्रा तापवला तर" असलं काही विचारत नाहीत. माझुर यांनीही सगळं वर्गात शिकवायचा हट्ट सोडला आणि बराचसा भाग आधीच्या वाचनावर सोपवला. पुस्तकात जे छापलंय ते फळ्यावर पुन्हा उतरवायचं आणि मुलांनी फळ्यावरून वहीत, या प्रवासात वेळ जातो तो वाचला. पण पोर्शन संपला म्हणजे कोणाचा संपला, शिक्षकाचा की मुलाचा, हे एकदा ठरवायला हवं.

दुसरं उत्तर, आमच्याकडे ती बटण दाबून मत नोंदवायची यंत्रं नाहीत. त्याला उत्तर सोपं आहे. कॅनडातल्या एका कॉलेजात बटणांचं यंत्र आणि साधी पुठ्ठ्याची कार्डं यांची तुलना करून पाहिली, 2008 मध्ये ती प्रसिद्ध झाली. शिकण्यात फरक आढळला नाही. लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अ, ब, क, ड लिहिलंत तरी पुरे. कार्ड छातीशी धरायचं, डोक्यावर नाही, म्हणजे मागच्या बाकावरून बघून उत्तर बदलता येत नाही.

मोठ्या वर्गांचं काय? आयआयटी मुंबईच्या पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या भल्या मोठ्या वर्गात याच कुळातली एक पद्धत वापरून पाहिली गेली आहे. आधी एकट्याने विचार, मग जोडीने, मग सगळ्या वर्गासमोर, अशी ती 1981 पासून प्रचलित असलेली रीत. 2013 साली आलेल्या त्या अभ्यासात, या वेळात सरासरी 83 टक्के विद्यार्थी खरोखर कामात गुंतलेले आढळले. ज्याने मोठ्या वर्गात शेवटून तिसऱ्या बाकावर बसून तास काढलेत, त्याला हा आकडा किती मोठा आहे ते सांगायला नको.

आणि आपल्याकडे एक फायदा आहे, जो हार्वर्डला नाही. बारावीपर्यंत मराठीत किंवा सेमी-इंग्लिशमध्ये शिकलेलं पोरगं कॉलेजात येतं आणि समोर सगळं इंग्रजी. सरांना इंग्रजीत शंका विचारायची म्हणजे आधी वाक्य जुळवायचं, तोवर सर पुढे गेलेले. शेजाऱ्याशी मात्र ते मराठीतच भांडणार. "अरे येड्या, बल सारखंच लागतंय, गाडी हलकी आहे म्हणून उडतेय." हे वाक्य ज्याला स्वतःच्या तोंडाने म्हणता आलं, त्याला तिसरा नियम कळला. मग तो इंग्रजीत लिहायला कितीसा वेळ लागतो?

खरी अडचण वेगळीच आहे, प्रश्न तयार करणं. चांगला प्रश्न तो, ज्याचं चुकीचं उत्तर शहाण्या माणसालाही बरोबर वाटेल. असा एक प्रश्न घडवायला कधी कधी अख्खी संध्याकाळ जाते, आणि त्यासाठी मुलं कुठे चुकतात हे शिक्षकाला ठाऊक असावं लागतं. व्याख्यानाच्या नोट्स वर्षानुवर्षं चालतात, त्या पिवळ्या पडल्या तरी चालतात. इथे तसं नाही.

राहिला पत्रा. बरेच जण म्हणतात भोक लहान होईल, कारण धातू प्रसरण पावून सगळीकडे, म्हणजे भोकातही, सरकणार. शेजारी बसलेला कोणी खेड्यातून आलेला असेल तर तो तुम्हाला लोहाराकडे नेईल. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवताना लोहार ती चाकापेक्षा किंचित लहानच घडवतो. मग गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवतो, सांडशीने उचलून चाकावर ठेवतो, हातोड्याने ठोकून बसवतो आणि वरून पाणी ओततो. धाव म्हणजे काय, तर मधल्या भोकाचा पत्राच, फक्त बाहेरची बाजू कापून टाकलेला. चार फुटी चाकाची धाव 500 अंशांनी तापली, तर तिचा व्यास साधारण सात मिलिमीटरने वाढतो. तेवढ्यात ती चाकावर सरकते.